फरक सापडेपर्यंत : हिशेबाच्या नोकरीत नव्याने येणाऱ्यांसाठी

संत एकनाथांची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे ते हिशेब लिहीत. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्रभर दिव्यापाशी बसून वह्या चाळल्या, पहाटे चूक सापडली आणि नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. हिशेबाच्या कामातली श्रद्धा म्हणजे नेमकी हीच. फरक आहे म्हणजे कारण आहे, आणि शोधलं तर ते सापडतंच. हा विश्वास ज्याच्याकडे नाही, त्याचा हात दुसऱ्याच महिन्यात सस्पेन्स खात्याकडे, म्हणजे न उलगडलेला फरक तात्पुरता टाकायच्या खात्याकडे वळतो.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकांगी व्हाउचर (व्यवहाराची नोंद) होतच नाही, त्यामुळे रोजच्या नोंदी चुकल्या तरी तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाजूंची बेरीज, जुळलेलीच दिसते. नवखी मुलं तिथेच निर्धास्त होतात. खरी परीक्षा बँकेच्या मेळात आणि पार्टीच्या (गिऱ्हाईक किंवा पुरवठादाराच्या) खातेउताऱ्यात असते. तिथे फरक आला की आधी त्याला ९ ने भागा. पूर्ण भाग गेला तर अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. ५,४६० ऐवजी ५,६४० लिहिलं की बरोबर १८० चा फरक पडतो. मग फरकाची निम्मी रक्कम शोधा. १,१८० ची जमा नावे बाजूला पडली तर फरक २,३६० दिसतो. दोन्हींतून काही हाती लागलं नाही, तर पूर्ण रकमेची नोंद राहिली किंवा दोनदा झाली का ते पाहा. तरीही नाही? शेवटचा महिना जिथे जुळला होता तिथून पुढे रोजची शिल्लक ताडत या. ज्या तारखेला पहिल्यांदा फाटा फुटतो, चूक त्याच दिवसात असते.

‘चाळीस रुपयेच आहेत, खर्ची टाक’ असं कुणी सांगेल. टाकू नका. ५०,०४० ची राहून गेलेली जमा आणि ५०,००० चा दोनदा लिहिलेला भरणा, दोन्ही मिळून फरक चाळीसच दाखवतात.

पहिले सहा महिने व्हाउचर आणि बँक, एवढंच नीट करा. नॅरेशन (नोंदीखालचा खुलासा) लिहायचा कंटाळा करू नका. ‘पेमेंट केले’ यातून कुणालाच काही कळत नाही; बिल क्रमांक, चेक किंवा यूटीआर (बँकेतून ऑनलाइन पाठवलेल्या रकमेचा) क्रमांक आणि कशापोटी, हे तीन तपशील हवेतच. ऑडिटच्या वेळी, दीड वर्षाने, तुमच्या जागी दुसरं कुणी बसलेलं असलं तरी त्याला ते वाचून उत्तर देता आलं पाहिजे.

महिन्याच्या तारखा लवकरच तोंडपाठ होतात : ७ ला टीडीएस (देणी देताना कापलेला आयकर), ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), १४ ला २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा पोर्टलवरचा उतारा) तयार होतं, १५ ला पीएफ (भविष्य निर्वाह निधी) आणि ईएसआयसी (कामगार विमा), २० ला ३बी (जीएसटी भरण्याचं विवरण). तिमाही विवरण भरणाऱ्यांचं वेळापत्रक वेगळं. या तारखांमागचा हिशेब मात्र समजून घ्यावा लागतो. २५ एप्रिलला कापलेला टीडीएस ७ मे ऐवजी ८ मे रोजी भरला, तर उशीर एका दिवसाचा. पण व्याज लागतं ते टीडीएस कापल्याच्या तारखेपासून, दरमहा दीड टक्का, आणि महिन्याचा तुकडाही पूर्ण महिना धरतात. एप्रिल आणि मे मिळून तीन टक्क्यांची मागणी येते. म्हणून चलन ५ तारखेलाच करा. बँकेचं सर्व्हर ७ ला संध्याकाळी बसतं, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे.

२बी आणि खरेदी खतावणी जुळवताना बहुतेक अडचणी क्षुल्लक असतात : बिल क्रमांकात शून्याऐवजी ‘ओ’, सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचा कर) ऐवजी आयजीएसटी (परराज्यातल्या व्यवहाराचा), किंवा पुरवठादाराने बिलच पुढच्या महिन्यात दाखवलेलं. न दिसणाऱ्या बिलांची यादी १५ तारखेलाच पुरवठादारांना पाठवा, १९ ला नव्हे.

पगारपत्रकात फेब्रुवारी विसरू नका. महाराष्ट्रात व्यवसायकर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिलांना महिन्याला २५,००० पर्यंतच्या पगारावर तो लागत नाही.

शिकणं थांबलं की या कामात माणूस दोन वर्षांत जुना होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा व्हॅटमध्ये मुरलेल्यांनाही पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आणि ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘करवर्ष’ आलं. असा बदल आला की एका वहीत तीन गोष्टी लिहा : काय बदललं, कोणत्या तारखेपासून, आणि जुन्या व्यवहारांचं काय. तिसरी गोष्टच बहुतेकांकडून सुटते. जुन्या दराने विकलेला माल दरबदलानंतर परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने काढायची असते. मोबाइलवर फिरणाऱ्या सारांशावर विसंबू नका. मूळ अधिसूचना वाचा, पहिल्यांदा तास लागला तरी चालेल.

पुढच्या शिक्षणाचा विचार पहिल्या दोन वर्षांतच करा. वाणिज्य पदवीला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट सीए इंटरला प्रवेश मिळतो, आणि नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी) दोन वर्षांची आहे. सीए झालंच पाहिजे असं नाही. फायनलायझेशन (वर्षअखेरचे हिशेब पक्के करणं) स्वतंत्रपणे करू शकणाऱ्या अकाउंटंटलाही चांगली मागणी आहे.

एक दिवस शेठ बिल पुढे करतील आणि माल आलेला नसेल. तेव्हा नाही म्हणावंच लागतं. आयकर कायद्यात २०२० पासून खोट्या नोंदीच्या रकमेइतका दंड आहे, आणि ती करायला लावणारी दुसरी व्यक्तीही त्यात येते. वाद न घालता इतकंच म्हणा : ‘शेठ, माल पोचल्याचं चलन आणि गाडीची पावती द्या, आत्ता नोंद करतो.’ कागद नसले की विषय सहसा तिथेच मिटतो. नाही मिटला, तर आपला बायोडेटा अद्ययावत करायला घ्या.