कडक भाकरी: वैलावर वाळवलेली, महिनाभर टिकणारी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची मालदांडी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर येते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वस्तीवर मात्र तिची परीक्षा काठवटीतच होते. कडक भाकरीसाठी गेल्या चार-पाच दिवसांत दळून आणलेलेच पीठ घ्यावे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे पीठ बांधून धरण्याची ताकद, जाते आणि पातळ थापताना भाकरीच्या कडा फाटतात.

दोन वाट्या पिठात चवीपुरते मीठ घालून त्यावर साधारण दीड वाटी उकळते पाणी थोडे थोडे ओतावे, उलथन्याने कालवावे व पाच मिनिटे झाकून ठेवावे. त्यानंतर एका भाकरीपुरताच गोळा घेऊन तो तळहाताच्या टाचेने रगडून मळावा. सगळे पीठ एकदम मळून ठेवण्याचा मोह टाळावा, कारण शेवटच्या गोळ्यापर्यंत ते कोरडे पडते. रोजच्या भाकरीपेक्षा ही पुष्कळ पातळ, जवळजवळ पापडाकडे झुकणारी थापायची असते. वरून तीळ दाबले तर चव खुलते. आमच्या घरी त्यावर एकमत नाही.

तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाण्याचा हात फिरवावा, ते सुकत आले की भाकरी उलटावी आणि येथून पुढे जाळ कमी करावा. फुगा येऊ लागला की फडक्याने हलके दाबावे, म्हणजे ती सगळीकडून सारखी वाळते. दोन्ही बाजूंना बारीक तांबूस ठिपके दिसले की ती वैलावर (चुलीला जोडलेल्या बाजूच्या, मंद आचेच्या तोंडावर) किंवा आराच्या, म्हणजे निखाऱ्यांच्या, कडेला उभी करून ठेवावी आणि अधूनमधून फिरवावी. गॅस असल्यास तवा अगदी मंद आचेवर ठेवून हेच करता येते. वेळ अधिक लागतो, इतकेच. मध्यभागी बोट दाबले असता ती न वाकता टचकन मोडली, तर भाकरी झाली.

एकदा पाहुणे निघायच्या घाईत मी कोमट भाकऱ्याच डब्यात भरून दिल्या. आत वाफ धरली आणि चौथ्या दिवशी त्यांच्या घरी डबा उघडला, तेव्हा निम्म्या भाकऱ्यांवर बुरशी होती. तेव्हापासून त्या रात्रभर टोपलीत, सुती फडक्याखाली पूर्ण निवू देते व सकाळीच कोरड्या पत्र्याच्या डब्यात रचते. अशा भाकऱ्या महिनाभर सहज टिकतात. पावसाळ्यात मात्र डबा वारंवार उघडू नये.

सोबत शेंगाचटणी हवीच. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजून, पाखडून, लसूण, जिरे, मीठ व लाल तिखटासह उखळात कुटावेत. मिक्सरमध्ये त्यांची कोरडी भुकटी होण्याचा धोका असतो, तर मुसळाच्या घावांनी दाण्यांचे तेल सुटून चटणीचा गोळा धरू लागतो, तेथेच थांबावे.