विंचवाचं बिऱ्हाड गेममध्ये बसवताना

इतिहासात एम.ए. करत होते तेव्हा कोडिंगमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. तरी ‘झिरो ए.डी.’ या प्राचीन काळातल्या लढायांच्या, वस्ती उभारून सैन्य लढवायच्या कॉम्प्युटर गेमसाठी नबाती लोकांचा, म्हणजे अरबस्तानच्या उत्तरेकडच्या वाळवंटी भटक्यांचा गट बनवायला घेतला. आज एका छोट्या स्टुडिओत कंटेंट डिझायनर आहे ती त्याच खटाटोपाच्या जोरावर. ऐतिहासिक गेममध्ये स्वतःचं काही घालायची हौस आहे, पण सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, अशांसाठी हे लिहितेय.

हाच गेम का? फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि त्यातलं प्रत्येक युनिट, प्रत्येक इमारत म्हणजे साध्या मजकुराची एक एक्सएमएल फाइल. नोटपॅडमध्ये उघडते. नवी फाइल जुन्या फाइलीला ‘पालक’ मानते, त्यामुळे जे वेगळं तेवढंच लिहायचं. काही चुकलं तर गेम चालू असतानाच पडद्यावर एररच्या ओळी उमटतात आणि ‘इंटरेस्टिंगलॉग’ नावाच्या फाइलीत सगळं नोंदलं जातं. पहिले काही आठवडे ही फाइल हीच तुमची गुरू.

मी सुरुवात उंटापासून केली. सगळेच करतात. ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर शिकत, रात्री जागवत एक उंट उभा केला. तो गायीसारखा चालायचा. मग कळलं, गेममधल्या टॉलेमींच्या, म्हणजे इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्याच्या सैन्यात उंटावरचे तिरंदाज आधीपासूनच आहेत, मॉडेलसकट! तेव्हा पहिला सल्ला हा: आधी गेमच्या फोल्डरांत मनसोक्त उचकापाचक करा. पण खरी चूक ती नव्हती. माझ्या गटाला शेतं होती, घरं होती, बराकी होत्या. गेममधल्या इराणी गटालाच उंटावर बसवून मी त्यांचं बारसं केलं होतं.

सुटका केली ती डायोडोरस या ग्रीक इतिहासकारानं. त्याच्या एकोणिसाव्या खंडात इ.स.पू. 312 ची हकीकत आहे. सिकंदराचा एकेकाळचा सेनापती अँटिगोनस नबात्यांवर अथेनियस नावाच्या सरदाराला पाठवतो, 4,000 पायदळ आणि 600 घोडेस्वार देऊन. नबाती पुरुष बाजाराला गेलेले. सरदार त्यांचा माल ठेवलेल्या खडकावर रात्री छापा घालतो, धूप, गंधरस आणि सुमारे 500 टॅलेंट (वजनाचं जुनं ग्रीक माप) चांदी उचलतो. नबाती पाठलाग करून त्याचा तळ गाठतात. पायदळ सगळं कापलं जातं, आणि जेमतेम 50 घोडेस्वार वाचतात, तेही बहुतेक जखमी.

पण माझ्या कामाचं होतं ते लढाईच्या आधीचं वर्णन. धान्य पेरायचं नाही, फळझाडं लावायची नाहीत, दारू प्यायची नाही, घर बांधायचं नाही. मोडलं तर मृत्युदंड. कारण, ज्याच्याकडे या गोष्टी असतात त्याला त्यांच्यापायी कुणीही वाकवू शकतो. पावसाचं पाणी ते जमिनीखालच्या गिलावा केलेल्या टाक्यांत साठवत. तोंड अगदी अरुंद, आत मात्र वाढत जाऊन बाजू एक प्लेथ्रॉन, म्हणजे साधारण 30 मीटर. तोंड बुजवून खूण ठेवायची, ती फक्त त्यांनाच कळायची. गुरांना पाणी एक दिवसाआड, म्हणजे पळावं लागलं तर ती तहान सोसतील.

वाचताना मला लहानपणी आमच्या शेतात मेंढ्या बसवायला येणारे धनगर आठवले. घोड्यावर अख्खा संसार, वर कोंबड्या बांधलेल्या. भटके म्हणजे वाट फुटेल तिकडे जाणारे नव्हेत, त्यांची वाट पक्की ठरलेली असते.

मग कागद घेतला आणि या गटाला काय मिळणार नाही तेवढंच लिहिलं. शेतं काढून टाकली. अन्न कळपांतून आणि व्यापारातून. मृत समुद्रातलं डांबर नबाती इजिप्तला विकत, तिथं ते प्रेतं टिकवायला लागे. त्यासाठी थेंबथेंब संपत्ती देणारा ‘रिसोर्स ट्रिकल’ घटक वापरला. या गेममध्ये बहुतेक बांधकाम स्वतःच्या हद्दीतच करता येतं. तंबूच्या फाइलीत हद्दीच्या ओळीत ‘own’ शेजारी ‘neutral’ लिहिलं आणि हद्दीबाहेर इमारत हळूहळू हातातून निसटते तो नियम बंद केला. एवढ्या दोन बदलांनी गट पहिल्यांदा भटका वाटला. तंबू गुंडाळून चालू लागावा म्हणून दगडफेकी यंत्रांचा ‘पॅक’ घटकही लावून पाहिला. तंबू उठायचा, पण आजूबाजूला गर्दी असली की पुन्हा बसायला तयार नाही. ते सोडून दिलं आणि तंबू स्वस्त केला.

टाक्यांनी सर्वात जास्त छळलं. पाणी हे नवं संसाधन म्हणून घालता येतं, पण मग ते रोमनांच्याही माथी येतं. शत्रूला न दिसणारी इमारत मला जमली नाही. शेवटी टाकी जमिनीलगत, छोटी ठेवली आणि तिला ‘ऑरा’, म्हणजे आसपासच्यांवर आपोआप परिणाम करणारं वलय, दिला: जवळ असलेल्या आपल्या माणसांच्या जखमा भरतात. नोकरीच्या मुलाखतीत अर्धा वेळ याच टाकीवर गेला. उंटाबद्दल कुणी विचारलंच नाही.

उंटाचाही ऑरा होता. उंटाच्या वासानं घोडे बिथरतात, असं हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार सांगतो. इराणचा राजा सायरसनं लिडिया राज्याच्या घोडदळावर, त्यांच्या राजधानी सार्डिसजवळ, हीच युक्ती चालवली. मी घोडदळाचा मारा कमी करणारा ऑरा लिहिला, पण तो कुणाला लागू ते सांगणारी ओळ विसरले. ती नसेल तर ऑरा स्वतःच्याच खेळाडूला लागतो. तीन संध्याकाळी माझेच घोडेस्वार बिथरून हरत होते, आणि मी उंटांची ताकद वाढवत होते! तसं पाहिलं तर हेही इतिहासाला धरूनच: पुढचा इराणी राजा झर्क्सिस याच्या सैन्यात उंटवाल्या अरबांना घोडे बुजू नयेत म्हणून सर्वात मागे ठेवलं होतं, असं हेरोडोटसच लिहितो.

दुसऱ्या माणसासोबत लवकर खेळून बघा. माझ्या मैत्रिणीनं रोमन घेऊन पहिल्याच डावात विचारलं, “अगं, मी जिंकायचं म्हणजे पाडायचं तरी काय?” तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. बाजार हाच कणा केलाय, तो पडला की गट कोलमडतो.

कॉम्प्युटरच्या हाती दिला तर मात्र हा गट अजून धड चालत नाही. शेतं आणि घरं बांधून वस्ती वाढवायची त्याला सवय. इथं हाती तंबू. कॉम्प्युटरकडून खेळणाऱ्या या बॉटचं नाव आहे पेट्रा. नबात्यांनी पुढे खडकात कोरलेल्या राजधानीचंही तेच.