नदीकाठच्या शहरात घर घेताय? पूररेषा आणि विम्याबाबत या चुका टाळा

घर बघायला बहुतेक लोक उन्हाळ्यात जातात. तेव्हा नदी तळाला गेलेली असते, नाल्यात झुडपं वाढलेली असतात आणि "इथं पाणी येत नाही" हे एजंटचं वाक्य पटूनही जातं. इसार देण्याआधी दोन गोष्टी कागदावर तपासा. पाणी इथवर येऊ शकतं का, आणि आलंच तर नुकसान कोण भरून देणार?

नदी किती लांब आहे एवढंच पाहणं

पाणी अंतर बघत नाही, उंची बघतं. नदी फुगली की तिला मिळणाऱ्या नाल्यांचं पाणी आत शिरू शकत नाही, मागे तुंबतं. या फुगवट्यामुळे नदीपासून बऱ्याच आतल्या सखल गल्ल्या बुडतात आणि काठावरची उंच इमारत कोरडी राहते. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री हाहाकार उडाला तो आंबिल ओढ्यामुळे, मुठेमुळे नव्हे. म्हणून जागेच्या आसपासचा प्रत्येक ओढा-नाला शोधा. तो पाइपात घातला आहे का, त्यावर भराव टाकला आहे का, पुढे पुलाखाली त्याची रुंदी किती उरते, हे चालत जाऊन बघा. जुन्या गाव नकाशात ओढा दिसतो आणि जागेवर दिसत नाही, तर तो गेला कुठे हे विचारा.

"पूररेषेच्या बाहेर आहे" म्हटलं की निर्धास्त होणं

कुठल्या रेषेच्या बाहेर? महाराष्ट्रात जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्र जेवढं पाणी वाहून नेऊ शकतं त्याच्या दीडपट प्रवाह, यांपैकी जो मोठा त्याची पातळी म्हणजे निळी रेषा. तिच्या आतलं क्षेत्र निषिद्ध. लाल रेषा साधारण 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे नियंत्रित क्षेत्रात, बांधकामाला परवानगी मिळू शकते. मात्र जोतं, म्हणजे तळमजल्याच्या जमिनीखालचा चौथरा, लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच हवं. बिल्डर "सगळ्या परवानग्या आहेत" म्हणतो ते खरंही असतं. पण परवानगी मिळाली याचा अर्थ तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये पाणी येणार नाही असा होत नाही.

सातबाऱ्यावर पूररेषा सहसा सापडत नाही. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर घेऊन महापालिका किंवा नगररचना कार्यालयातून झोन दाखला (जागा कुठल्या क्षेत्रात मोडते याचा दाखला) आणि विकास आराखड्याचा त्या भागाचा नकाशा काढा. मंजूर नकाशावर जोत्याची पातळी किती लिहिली आहे ते पाहा आणि ती त्या ठिकाणच्या लाल रेषेच्या पातळीशी ताडून बघा. दोन्ही आकडे समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये हवेत. "रस्त्यापासून चार फूट वर" हे उत्तर चालवून घेऊ नका, कारण रस्ता स्वतःच खड्ड्यात असू शकतो.

"100 वर्षांतून एकदा" याचा चुकीचा अर्थ लावणं

हा अंदाज दर वर्षीच्या शक्यतेचा आहे. 100 वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी 1 टक्का. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के होते. निळ्या रेषेवरच्या 25 वर्षांच्या पुरासाठी हाच आकडा 56 टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे अर्ध्याहून जास्त. मोठा पूर नुकताच येऊन गेला, आता पुढची पिढी बघेल, हाही भ्रमच. कोल्हापूर-सांगलीनं 2019 आणि 2021 असे दोन महापूर दोन वर्षांच्या अंतरानं पाहिले.

वरचा मजला घेतला म्हणजे सुटलो

चौथ्या मजल्यावर पाणी येणार नाही, खरंय. पण मीटर रूम, जनरेटर, लिफ्टचा खड्डा आणि जमिनीखालची पाण्याची टाकी खालीच असते. मीटर रूम बुडाली की वीज, पंप आणि लिफ्ट एकदम बंद. टाकीत गटाराचं पाणी मिसळलं तर ती रिकामी करून, धुऊन, निर्जंतुक केल्याशिवाय वापरता येत नाही. मीटर पॅनेल किती उंचीवर आहे ते बघा. तळमजल्याचं घर असेल तर ड्रेनेज चेंबरवर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व आहे का तेही विचारा, कारण पुराचं पाणी दारातून येण्याआधी बाथरूमच्या जाळीतून वर येतं.

बँकेनं विमा काढलाय, असं धरून चालणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. कर्जाबरोबर गळ्यात मारलेली पॉलिसी बहुतेकदा कर्जदाराच्या जिवाची असते, घराची नसते. घराची असली तरी रक्कम कर्जाइतकी आणि विमा फक्त बांधकामाचा, असंही होतं. पहिलं पान उघडून 'बिल्डिंग' (बांधकाम) आणि 'कंटेंट्स' (घरातलं सामान) या दोन्हींसमोर काय रक्कम आहे ते वाचा.

1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी उपलब्ध आहे. तीत पूर आणि पाणी साचून होणारं नुकसान मूळ संरक्षणातच येतं. विमा रक्कम घराच्या बाजारभावावर ठरत नाही. कार्पेट क्षेत्रफळ गुणिले सध्याचा बांधकाम खर्च, एवढंच. समजा 650 चौरस फूट आणि दर 2,500 रुपये, तर 16,25,000 रुपये. जमिनीची किंमत यात येत नाही, त्यामुळे 70 लाखांच्या फ्लॅटचा 70 लाखांचा विमा काढायला निघालेला माणूस उगाच जास्त हप्ता भरतो. बांधकामाचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. वरच्या उदाहरणात 3,25,000. सामान त्याहून जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवा. दागिन्यांसाठी वेगळं वाढीव संरक्षण मागून घ्यावं लागतं. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो, हे फार कमी भाडेकरूंना माहीत असतं.

सोसायटीचा विमा असेल तर त्यात फ्लॅटच्या आतलं काय येतं आणि पंप, लिफ्ट, मीटर पॅनेल धरलंय का, हे सचिवांकडून पॉलिसीची प्रत घेऊन बघा.

गाडीचं प्रकरण निराळं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात बुडालेल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. सर्वसमावेशक विमा असूनही बुडालेली गाडी चालू करून बघितली आणि इंजिनात पाणी खेचलं गेलं, तर 'इंजिन प्रोटेक्ट' जोडून घेतल्याशिवाय दावा सहसा नाकारला जातो. किल्ली फिरवू नका, टो करून न्या.

पाणी ओसरताच सगळं धुऊन टाकणं

चिखल काढायची घाई समजते, पण आधी भिंतीवरची पाण्याची खूण टेप लावून मोजा आणि टेपसकट फोटो काढा. प्रत्येक उपकरणाचा मॉडेल व सिरीयल नंबर दिसेल असा फोटो हवा. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवून दावा क्रमांक घ्या. गाद्या आणि फर्निचर सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारा माणूस, येईपर्यंत ठेवणं अशक्य असेल तर तसं कंपनीला लेखी कळवा आणि फोटो-व्हिडिओ काढून मगच टाका. बिलं आणि पॉलिसीची प्रत मात्र पावसाळ्याआधीच मोबाइलबाहेर, क्लाउडवर किंवा गावातल्या नातेवाइकाकडे ठेवलेली असावी.