सिंहगडाचा थ्रीडी व्हिडिओ घरोघरी पाठवताना

सिंहगडावर कल्याण दरवाज्यापाशी काढलेला माझा पहिला थ्रीडी व्हिडिओ मी नातेवाइकांच्या ग्रुपवर होता तसा टाकला. नाशिकहून आत्याचा लगेच फोन, "अगं, एकच चित्र दोनदा का दिसतंय?" डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं शेजारी शेजारी होती, आणि ती एकत्र करायला तिच्याकडे काहीच नव्हतं. तेव्हापासून मी घरागणिक वेगळी प्रत काढते.

आधी चित्रीकरण. माझे दोन सारखे कॅमेरे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेत. भिंगांतलं अंतर ६५ मिलिमीटर, साधारण आपल्या दोन डोळ्यांइतकं. सगळ्यात जवळची वस्तू त्याच्या ३० पट, म्हणजे दोन मीटर तरी लांब हवी. कुणी कौतुकानं भाजलेलं कणीस कॅमेऱ्यापुढे धरलं, की बघणाऱ्याचे डोळे ताणले जातात. दोन्ही कॅमेरे सुरू झाल्यावर एक जोरात टाळी वाजवा. एडिटिंग करताना दोन्ही आवाजांतली ती टाळी जुळवायची. त्याहून जपायची गोष्ट म्हणजे उंची: एक चित्र जरा जरी वर-खाली असलं तरी बघणाऱ्याचं डोकं धरतं. हे सगळं नीट करून ३८४० बाय १०८० ची एक मूळ फाइल ठेवा, डावं चित्र डावीकडे. अदलाबदल झाली तर दरवाजा मागे जातो आणि मागचे डोंगर पुढे येतात.

भाच्याकडे डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट आहे. त्याला मूळ फाइलच देते, फक्त नावाच्या शेवटी इंग्रजीत 'एलआर' (लेफ्ट-राइट) हवं. बरेच प्लेअर त्यावरून ओळखतात. दादाकडे जुना थ्रीडी टीव्ही आहे. त्याच्यासाठी रुंदी निम्मी करून १९२० बाय १०८०, आणि रिमोटवर 'साइड बाय साइड' निवडायचं. पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारानं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही.

आत्यासाठी मात्र लाल-निळसर प्रत, म्हणजे दोन्ही चित्रं त्या दोन रंगांत एकावर एक, लाल आणि निळसर काचेच्या चष्म्यातून बघायची. एफएफएमपेग या मोफत साधनात स्टिरिओथ्रीडी नावाचा फिल्टर आहे, त्यातून ती निघते. पूर्ण रंगात केली तर गडावरचा भगवा झेंडा डोळ्यांत लवलवतो, कारण तो लाल काचेतून उजळ आणि दुसरीतून काळपट दिसतो. म्हणून 'हाफ कलर' निवडा. रंग थोडे उतरतात, पण डोळ्यांना आराम मिळतो. ही प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते, रंगांच्या कडा पसरतात आणि प्रत्येक बुरुजाला सावली दिसू लागते.

चष्मा पुठ्ठ्याचा चालतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात स्टेशनरीच्या दुकानात जिलेटीन कागद मिळतो. लाल डाव्या डोळ्याला. उजव्याला गडद निळा नको, चित्र अंधारतं. हिरवट झाक असलेला आकाशी मागा. पाठवण्याआधी डाव्या काडीवर पेनानं 'डावा' लिहा.