कापणीआधी बियाण्याची ओंबी निवडताना

पीक पिवळं पडू लागलं की पुढच्या हंगामाचं बियाणं निवडायला घ्या. मळणीनंतर सगळे दाणे सारखेच दिसतात. पण आधी खात्री करा, शेतात उभं आहे ते सुधारित वाण की संकरित?

संकरित मका किंवा बाजरीचे दाणे पुन्हा पेरू नका. या झाडात दोन वेगळ्या वाणांची गुणसूत्रं, म्हणजे पेशीतले जनुकं वाहून नेणारे धागे, एकत्र असतात. परागकण आणि बीजांड तयार होताना जोडीतली गुणसूत्रं एकमेकांना बिलगतात, तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधली जातात. हेच जनुकीय पुनर्संयोजन. मक्यात अशा १० जोड्या, आणि प्रत्येक जोडीत अदलाबदल वेगळ्या जागी. त्यामुळे एकाच कणसातल्या शेजारच्या दोन दाण्यांचीही वीण वेगळी होते. पुढच्या वर्षी एक झाड डोक्याइतकं, दुसरं कमरेला, तुरेही मागेपुढे. संकराचा जोम, म्हणजे दोन वाणांच्या मेळातून आलेली जादा वाढ, तोही निम्म्यावर येतो, म्हणून उत्पादन घटतं.

नवी वाणं तयार करणाऱ्या पैदासकाराचं मात्र सगळं काम याच अदलाबदलीवर चालतं. रानटी गवतातून तांबेरा रोगाला रोखणारं जनुक गव्हात आणायचं, तर त्याला चिकटलेले नको ते गुण तुटून पडायला हवेत. गहू आणि बार्लीत ही अदलाबदल बहुतेक गुणसूत्रांच्या टोकांकडेच होते, मधला भाग पिढ्यान्‌पिढ्या अखंड जातो. तिथलं जनुक हवं असेल तर हजारो रोपं चाळावी लागतात. पुढे स्वपरागीभवनाने, म्हणजे झाडाचं फूल स्वतःच्याच परागाने फळलं की, मिश्र (जोडीत दोन वेगळी रूपं असलेली) जनुकं दर पिढीला निम्मी होतात: दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसऱ्यात २५, सहाव्यात जेमतेम ३. नवं वाण यायला वर्षं लागतात ती यामुळेच.

गहू, भात किंवा बार्लीचं असं स्थिर झालेलं सुधारित वाण घरी राखता येतं. ओंब्या भरल्यावर शेतात फिरा. वेगळ्या उंचीची, वेगळ्या कुसळांची झाडं मुळासकट उपटा. बांधाकडच्या टपोऱ्या ओंब्यांचा मोह टाळा. त्यांना ऊन आणि खत जास्त मिळालेलं असतं, तो गुण बियाण्यात उतरत नाही. ओंब्या शेताच्या मधूनच घ्या. मळणीयंत्र आधी झाडून काढा, अडकलेल्या दाण्यांतूनच भेसळ होते. ज्वारीत दुसऱ्या झाडाच्या परागाने फळणं (परपरागीभवन) बऱ्यापैकी होतं, तेव्हा निवडक कणसांवर फुलोऱ्याआधीच कागदी पिशवी बांधलेली बरी.

बियाणं १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवून साठवा. पेरणीच्या पंधरा दिवस आधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. ८० पेक्षा कमी उगवले तर बियाणं बदला.