कोकण किनाऱ्यासाठी दुर्बीण घेताना

थंडीत हर्णै, गुहागर नाहीतर मालवणला निघणार असाल तर दुर्बीण निघायच्या आदल्या दिवशी घेऊ नका. आठवडाभर आधी घ्या आणि गच्चीवरून कावळे-घारी बघून हात बसवा. दुकानात बहुधा १०×२५ आधी पुढे येते, कारण दहापट हा आकडा भारी वाटतो. पण दहापटीत हाताचा कंपही दहापट दिसतो, आणि हलत्या होडीत कुरवांचा थवा नुसता नाचत राहतो. आठपट पुरे. दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलीमीटरमध्ये. त्याला पटीने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते: ८×२५ मध्ये सुमारे ३.१ मिमी, १०×२५ मध्ये फक्त २.५. भर दुपारी फरक जाणवत नाही, पण तिन्हीसांजेला खाडीकाठी नक्की जाणवतो. पहाटे-संध्याकाळी पक्षी बघणाऱ्यांनी थोडं वजन सोसून ८×३२ घ्यावी. झोत ४ मिमीचा मिळतो. बाकीच्यांना खिशात मावणारी ८×२५ बरी.

चष्मा असेल तर सगळ्यात आधी आय रिलीफ विचारा, म्हणजे भिंगापासून किती अंतरावर डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते. १५ मिमीच्या खाली असेल तर ती दुर्बीण कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. चित्राच्या कडा कापल्या जातात आणि डोळे शिणतात. चष्मा लावूनच बघा, डोळ्याकडच्या भिंगाभोवतीचे रबरी कप खाली करून. चष्मा नसेल तर कप वर. मग बिजागरी हलवून दोन गोल एक होतात का पाहा. लहान मुलांचे डोळे जवळजवळ असतात, त्यांच्याही हातात देऊन बघा. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, नंतर डावं झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. बहुतेक दुर्बिणींत ही कडी उजवीकडेच असते. एवढं न करता ‘डोकं दुखतं’ म्हणून चांगली दुर्बीण कपाटात टाकणारे बरेच भेटतात, आणि वाईट वाटतं.

आपल्या दमट हवेसाठी नायट्रोजन भरलेली, जलरोधक दुर्बीणच घ्या; आतून धुकं धरत नाही. पट्टा होडीत चढण्याआधी गळ्यात हवा. भिंगावर वाळू असेल तर सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, ओरखडे कायमचे राहतात. आधी फुंकणीने वाळू उडवा, मग खाऱ्याचे डाग गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ फडक्याने टिपा. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, नाहीतर भिंगाला बुरशी धरते.

समुद्री गरुडाचं घरटं दिसलं तर लांबूनच बघा, दुर्बीण त्यासाठीच घेतली आहे. आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून मुलांना निघण्याआधीच बजावून ठेवा: मावळतीचा असला तरी सूर्याकडे दुर्बिणीतून बघायचं नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.