छताचा गिलावा पडलाय? आधी ठोकून बघा

साताऱ्यात जून ते सप्टेंबर छताला हात लावू नका, हे माझं पहिलं सांगणं. गणपतीला पाहुणे येणार म्हणून भर पावसात भोकं बुजवणारे आमच्या पेठेत कमी नाहीत. स्लॅब आतून ओला असतो, मग लावलेली पुट्टी दिवाळीपर्यंत फुगून खाली. दसऱ्यानंतर ऊन धरलं की काम काढा. आणि वरून पाणी झिरपत असेल तर आधी गच्चीची भेग बुजवा, नाहीतर खालची मेहनत फुकट.

मेन स्विच बंद, डोळ्याला चष्मा, डोक्याला पंचा. स्टुलावर स्टूल चढवायचं नाही, घोडी आणा. हातोडीच्या दांड्यानं भोकाभोवती हळू ठोकत जा. खणखणीत वाजलं तर पकड आहे, बद्द वाजलं तर तो गिलावा सुटलाय. तो सगळा छिन्नीनं पाडा. वीतभर भोकाचं हातभर होतं, तेव्हा जीव कळवळतो, पण पोकळ भागावर नवा माल टिकत नाही.

आता गज, म्हणजे स्लॅबमधल्या लोखंडी सळया, बघा. नुसता वरवर गंज असेल तर तारेच्या ब्रशनं घासून गंजरोधक प्रायमर लावा. गज पापुद्रे सुटून बारीक झाला असेल किंवा काँक्रीटच फुटलं असेल, तर हातातली थापी खाली ठेवा आणि इंजिनिअरला बोलवा. तिथं घरगुती हुशारी नको.

खिळ्या-स्क्रूच्या भोकाला पुट्टी पुरते. मोठ्या खड्ड्याला एक भाग सिमेंट, चार भाग चाळलेली बारीक वाळू. दुकानदार पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) गळ्यात मारतो, पण ओलीच्या जागी ते भुसभुशीत होतं. खड्डा ब्रशनं झाडून पाणी मारा. पाणी ठिबकायचं थांबलं की बाँडिंगचं लिक्विड लावा आणि ते चिकट असतानाच माल थापा. माल घट्टसर हवा. एका थरात सेंटीमीटरच्या वर जाऊ नका, स्वतःच्या वजनानंच तो घमेल्यात परत येतो. पहिल्या थरावर खिळ्यानं आडव्यातिडव्या रेघा ओढा, दुसऱ्या दिवशी दुसरा थर द्या आणि रंध्यानं (गवंड्याच्या सपाट फळीनं) आजूबाजूच्या पातळीला आणा. मग सात दिवस फवाऱ्यानं पाणी. छताला पाणी मारायचा सगळ्यांना कंटाळा, म्हणून तर केसासारख्या भेगा पडतात.

छतच पीओपीचं असेल, जुना दिवा काढून भोक राहिलं असेल, तर पीओपीच वापरा. पाण्यात पावडर टाका, पावडरीत पाणी नाही. वाटीभरच कालवा, दहा-पंधरा मिनिटांत ते धरतं. धरलेल्यात पाणी घालून पुन्हा मऊ करू नका. भांडं दर वेळी धुवा, जुना चुरा राहिला तर नवं आणखी लवकर आवळतं. काथ्या त्यात बुडवून भोकाच्या कडांना आतून चिकटवा, तो सुकला की वर थर.

दोन्हीकडे पूर्ण सुकल्यावर पॉलिश पेपर, पुट्टी, प्रायमर, मग रंग. रंगाचा हात मात्र पूर्ण छताला द्या, नाहीतर ठिगळ दिसतंच.